कालवड कधी फळणार?



पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. बैलांच्या शिंगांना रंग लागला, पोरांनी लाकडाचे नंदी दारोदार मिरवले. कालवडीला मात्र कोणी सजवत नाही. ती कोठ्याच्या कोपऱ्यात उभी असते, गायी-बैलांचं उरलंसुरलं कुटार खाते, आणि दोन-दोन वर्षं तिच्याकडे कोणी धड पाहत नाही. मग एक दिवस घरातलं कोणीतरी म्हणतं, "काहून व, हे अजून फळली नाही?" आज आम्ही याच प्रश्नावर बोलायला आलो आहोत. कालवड गाय होणार की नाही, आणि कधी होणार, हे आधी ओळखता येतं का?

हा प्रश्न आमच्या गटात आला तो कर्जाच्या हप्त्यामुळे. दोन वर्षांपूर्वी गटातल्या चौघींनी अंतर्गत कर्ज घेऊन कालवडी विकत आणल्या. गाय घ्यायला पैसे पुरत नाहीत, कालवड स्वस्त पडते, वर्षभरात विईल, दूध सुरू झालं की हप्ता निघेल, असा आमचा हिशोब होता. ठरावही आम्हीच लिहिला. बाजारात गेलो तेव्हा व्यापाऱ्यानं तोंड उघडून दात दाखवले, "दोन दाती आहे बाई, आता फळायलाच आली." आम्ही दात पाहिले, कातडी पाहिली, रंग पाहिला, शेपटीचा गोंडा पाहिला, आणि पैसे मोजले. चौघींपैकी दोघींच्या कालवडी वर्ष-सव्वा वर्षात गाभण राहिल्या. एकीची फार उशिरा राहिली. आणि एकीची राहिलीच नाही.

त्या चौथ्या ताईचं सांगतो. तिची कालवड चौघींत सगळ्यांत देखणी होती. अंगानं भरलेली, कातडी तेल लावल्यासारखी. ती ताई पहाटे उठून तिला आंबोण द्यायची, सरकीची ढेप विकत आणून घालायची. सहा महिने गेले, वर्ष गेलं, माज नाही. घरात सासू म्हणू लागली, हिचा पायगुणच असा. तिला स्वतःला लग्नानंतर चार वर्षांनी मूल झालेलं, ते जुनं बोलणं सगळं पुन्हा निघालं. जनावराला वांझ म्हणता म्हणता बोट बाईकडे वळतं, हे आपल्याला नवीन नाही. तिनं वर्षभर ते ऐकून घेतलं, बैठकीत मात्र एक शब्द बोलली नाही. हप्ता भरायची, कापूस वेचणीच्या मजुरीतून. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं आणि विचारलं, "ही जुळ्यातली होती का?" आम्हाला कुठून माहीत! मग बाजारात तो व्यापारी शोधला, त्यानं ज्या घरून घेतली होती त्या घरापर्यंत गेलो. खरंच, ती गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली होती. गोऱ्हा आणि कालवड एकाच पोटात वाढले की दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा जोडल्या जातात, गोऱ्ह्याचं रक्त कालवडीत जातं आणि तिची पिशवी, अंडाशय नीट घडतच नाही. अशा शंभर कालवडींपैकी नव्वदहून जास्त आयुष्यात कधीच गाभण राहत नाहीत. तिला कितीही ढेप घाला. गोऱ्ह्याला मात्र याचा विशेष त्रास होत नाही. यात दोष ना ताईच्या पायगुणाचा, ना खुराकाचा. बाजारात एकच प्रश्न विचारला असता, "जुळ्यातली आहे का?", तर अठरा हजार रुपये वाचले असते. व्यापारी खरं सांगेलच असं नाही म्हणा, पण डॉक्टरांना दहा मिनिटं तपासायला लावलं असतं तरी कळलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, विकून टाकायची. कोणाला विकणार? आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०१५ पासून बैल आणि वळूसुद्धा त्यात आले. त्या कायद्याबद्दल कोणाचं काय मत आहे तो आजचा विषय नाही. आमचं म्हणणं एवढंच की न फळणारी कालवड आपल्याकडे दहा-बारा वर्षं खुंट्यावर उभी राहते, खाते, शेण देते. परदेशात, जिथं मांसासाठी गुरांचे कळप पाळतात, तिथं न फळलेली कालवड सरळ मांसाला जाते आणि मालकाचा पैसा परत येतो. तरीसुद्धा ते लोक कालवड कधी वयात येईल याचा अंदाज बांधायला जिवाचा आटापिटा करतात. कारण त्यांच्याकडे कालवड दोन वर्षांची होताच विली पाहिजे असा नियम, म्हणजे चौदा-पंधरा महिन्यांची असताना ती भरली पाहिजे. एक हंगाम चुकला की वर्षभराचा चारा अंगावर. मग ज्यांचा पैसा परत येण्याची वाटच नाही अशा आपण बायांनी तर हे दुप्पट मनावर घ्यायला हवं, नाही का?

तर अंदाज बांधतात कशावरून? दातांवरून नाही. दातांवरून वय कळतं. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या आसपास येते, त्याला आपण दोन दाती म्हणतो. पण वय झालं म्हणून कालवड माजावर येते, हा आपला सगळ्यांत मोठा गैरसमज. कालवड येते ती वजनावर. मोठेपणी तिचं जे वजन होणार आहे त्याच्या साधारण ५५ ते ६५ टक्के वजन भरलं की तिच्या मेंदूतून अंडाशयाला हुकूम सुटतो. अंगावर तेवढं मांस नसेल, थोडी चरबी नसेल, तर तो हुकूम सुटत नाही. पोटात वासरू वाढवायची ताकद अजून आली नाही हे शरीराला ठाऊक असतं. आपल्या पोरींचंही तसंच आहे की. ज्या पोरीला लहानपणापासून पोटभर मिळालं नाही तिची पाळी उशिरा येते, हे अंगणवाडीच्या ताई आपल्याला सांगतातच.

म्हणून एकाच वयाच्या दोन कालवडींत एवढा फरक पडतो. चांगला खुराक मिळालेली जर्सी संकराची कालवड बारा-पंधरा महिन्यांत माज दाखवते. तीच आपल्याकडे कुटारावर वाढली की दोन वर्षं घेते. गावरान कालवड मुळात सावकाश, दोन ते तीन वर्षं धरून चला. विदर्भाची आपली गवळाऊ जात घ्या, पांढरी, लांब अंगाची, बंडीला जुंपली की पळत सुटणारी. तीही उशिराच येते. त्यात तिचा दोष नाही. उन्हाळ्यात आपल्या आखरावर काय असतं? धूळ. गायकी सकाळी ढोरं नेतो, संध्याकाळी आणतो, आणि त्यांच्या पोटात मैल-दोन मैल चालण्याशिवाय काही पडलेलं नसतं. चैत्र ते ज्येष्ठ कालवड वाढत नाही, उलट घटते. पावसाळ्यात भरून काढते, पुन्हा उन्हाळ्यात घालवते. असे तीन उन्हाळे गेले की घरचे म्हणतात, भाकड आहे.

पण वजन करायचं कसं? पोडावर काय काटा आहे? तालुक्याच्या ठिकाणी धरमकाटा आहे, त्यावर कापसाची गाडी जाते, कालवड नाही. यावर आम्ही शिवणकामाचा टेप वापरतो. आमच्यातल्या निम्म्या जणींकडे शिलाई मशीन आहे, टेप घरातच असतो. जनावर सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभं करा, सकाळी चारा-पाण्याच्या आधी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, इंचात. टेप घट्ट पण रुतलेला नको. मग लांबी घ्या, खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागं शेपटीच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं तिथपर्यंत. आता घेर गुणिले घेर, त्याला लांबीनं गुणा, आणि आलेल्या आकड्याला ६६० नं भागा. येईल ते साधारण वजन, किलोत. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, पोरीला बसवा.

उदाहरण सांगतो, कागद-पेन असेल तर लिहून घ्या. पहिल्यांदा कालवडीची आई मोजा. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मोठेपणी कालवड किती भरणार हे आईवरून कळतं. पुस्तकातल्या गायीचं वजन आपल्या काय कामाचं? आमच्या एका मावशींच्या गावरान गायीचा घेर ५८ इंच, लांबी ४८. अठ्ठावन्न गुणिले अठ्ठावन्न ३३६४, गुणिले ४८, भागिले ६६०, आलं साधारण २४५ किलो. त्याचे ६० टक्के म्हणजे १४७, आणि ६५ टक्के म्हणजे १५९. म्हणजे तिची कालवड १४७ च्या आसपास आली की माजाकडे डोळा ठेवायचा, आणि १५९ भरल्यावरच भरवायची.

मग कालवड मोजली. ती पुरी तीन वर्षांची, गटातल्या या मावशी कोलाम पोडावरच्या, त्यांच्या घरचीच जन्मलेली. त्यांचा मुलगा म्हणत होता, वांझ आहे, कोणाला तरी देऊन टाकू. घेर ४५, लांबी ४०. हिशोब केला तर १२३ किलो. आईच्या बरोबर निम्मी! तीन वर्षांची होती, पण अंगानं अजून वासरूच होती. मुलाला आकडा दाखवला. तो थोडा वेळ टेपकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे उपाशी होती का हे?" मावशी म्हणाल्या, "मी तर तेच सांगून रायली होती." इथं आम्हाला टेपचा खरा उपयोग कळला. आकडा पाहिल्यावर घरातले पुरुष ऐकतात. बाईच्या नजरेवर विश्वास ठेवायला त्यांना वेळ लागतो, टेपवर लगेच बसतो. असो.

१२३ वरून १४७ म्हणजे २४ किलो वाढायला हवं होतं. दिवसाला पाव किलो वाढ धरली तर तीन महिने. हे काही डोंगर उचलणं नाही. आम्ही काय केलं ते सांगतो. सगळ्यांत आधी जंताचं औषध, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. पोटात जंत असताना खुराक घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी. मग रोज पंचवीस-तीस ग्रॅम खनिज मिश्रण, मूठभर ढेपेत कालवून, आणि चाटायला मिठाचा खडा. तुमची कालवड माती चाटते, हाडकं चघळते, कपडे चावते, तर तिला स्फुरद-क्षार कमी पडतात असं समजा. त्यानं माज लांबतो. कुटारासोबत बांधावरचं हिरवं, तुरीचा पाला, सुबाभूळ थोडी. सरकीची ढेप आपल्याकडे मिळते, चांगली आहे, पण तीन-चार महिन्यांच्या आतल्या वासराला घालू नका. सरकीत एक विषारी घटक असतो, तो पचवायची ताकद वासराच्या पोटाला अजून आलेली नसते. आणि मोठ्या कालवडीलाही नुसतीच ढेप कोंबू नका. फार लठ्ठ झालेली कालवडही लवकर राहत नाही, आणि तिच्या कासेत चरबी भरली की पुढं दूध कमी.

एक गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यात जास्त बोचते. कालवडीचं भविष्य मोठेपणच्या ढेपेपेक्षा तिच्या पहिल्या सात-आठ महिन्यांत जास्त ठरतं. तेव्हा जिची वाढ खुंटली ती पुढं कितीही खाऊ घातली तरी उशिराच येते. आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो? आईचं दूध डेअरीला. गोऱ्हा असेल तर एखादा सड जास्त सोडतो, उद्याचा बैल आहे म्हणून. कालवडीला तोंडापुरतं. ऐकल्यासारखं वाटतं ना कुठं तरी? जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, पोटभर. नंतर पहिले दोन महिने तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध रोज. वीस किलोची वासरी असेल तर दोन लिटर. डेअरीचे पैसे दिसतात, हे दूध दिसत नाही, तीन वर्षांनी दिसतं.

२००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं होतं, आपलं यवतमाळ त्यात होतंच, आणि शेतकऱ्यांना गायीही वाटल्या होत्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. चारा-पाणी नसलेल्या घरी खुराकाची गाय उभी राहिली की काय होतं, ते आपण तेव्हा पाहिलंय. म्हणून आता आमच्या गटात जनावराचं कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही विचारतो, उन्हाळ्यात काय घालणार?

आता माजाचं. वजन भरलं तरी माज दिसला पाहिजे ना! माज दर एकवीस दिवसांनी येतो, अठरा ते चोवीस धरा, आणि राहतो बारा-अठरा तास. जर्सी हंबरून गाव जागं करते. गावरान कालवड कधी कधी इतकी गुपचूप येते की त्याला मुका माजच म्हणतात. रात्री येतो, पहाटेपर्यंत ओसरतो. दिवसा गायकी पाहतो, रात्री कोणीच नाही. म्हणून पहाटे शेण काढताना तुम्ही पाहायचं. मागच्या बाजूला काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट दिसतो का, शेपटीला चिकटून वाळलाय का, योनीची जागा थोडी सुजलीय, लालसर आहे का, चारा टाकून उभी आहे का, दुसरीवर चढते का. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे दुसरी अंगावर चढली तरी ती हलत नाही, तशीच उभी राहते. घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्यावर त्या तारखेला गोल करा. एकविसाव्या दिवशी पुन्हा पाहा. दिवस मोजायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण पहिलाच माज असेल तर घाई करू नका. परदेशात मांसाच्या कालवडींवर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात पहिल्याच माजाला भरवलेल्या कालवडींपैकी ५७ टक्के राहिल्या, आणि तिसऱ्या माजाला भरवलेल्या ७८ टक्के. फरक केवढा! पहिल्या माजाला शरीर नुकतं सुरू झालेलं असतं. म्हणून पहिला आणि दुसरा कॅलेंडरवर लिहायचा, सोडायचा, आणि वजन भरलं असेल तर तिसऱ्याला डॉक्टरांना फोन करायचा. रेतनानंतर एकवीस दिवसांनी माज आला नाही म्हणून पेढे वाटू नका. दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्या, मगच राहिली म्हणा.

डॉक्टर जी हात घालून तपासणी करतात तिची आपल्याकडे भीती आहे. "कोवळं जनावर आहे, इजा होईल." अनुभवी हातानं काही होत नाही. शेणाच्या वाटेनं हात घालून, खाली असलेली गर्भपिशवी आणि अंडाशय चाचपतात. अमेरिकेत यासाठी एक ते पाच गुण देण्याची पद्धत आहे. पिशवीच्या शिंगांची जाडी दोन सेंटिमीटरहूनही कमी, नुसती दोरीसारखी ढिली, अंडाशयावर काहीच नाही, तर एक गुण. ती कालवड अजून बाळ आहे किंवा तिच्यात जन्मजात दोष आहे. पिशवी तीन सेंटिमीटरच्या वर, हाताला टणक, आणि अंडाशयावर बीज सुटून गेल्याची खूण, पीतपिंड, लागतो, तर पाच गुण. म्हणजे माज येऊन गेलाय, आपल्यालाच दिसला नाही. मधले दोन, तीन, चार म्हणजे वाटेवर आहे, खुराक चालू ठेवा. भरवायच्या महिना-दीड महिना आधी हे करून घेतलं की हातात वेळ राहतो. आपल्या डॉक्टरांना गुणांची भाषा सांगायची गरज नाही. फक्त विचारा, "पिशवी वाढलीय का? अंडाशयावर काही आहे का?" ते सांगतात. आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर जरा चमकले, पण मग खुशीनं समजावून सांगितलं.

आता थोडं वळूबद्दल, आणि हसू नका. बैठकीत हे सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून सगळ्या पाच मिनिटं हसत होत्या. ज्या वळूच्या अंडकोषाचा घेर मोठा असतो, त्याच्या पोरी लवकर वयात येतात. ही थट्टा नाही, परदेशात मांसाचे वळू निवडताना टेप लावून हा घेर मोजतातच. आपल्याकडे गावात सोडलेला वळू कोणी मोजत नाही, आणि तोच तो वळू पाच-सहा वर्षं फिरतो, स्वतःच्याच पोरींना भरतो. नात्यातलं लग्न झालं की संततीत दोष येतात हे आपण माणसांत मानतो, जनावरांत विसरतो. तीन वर्षांनी वळू बदला, ही मागणी आम्ही आमच्या ग्रामसभेत मांडली. पहिल्या वेळी हशा झाला. दुसऱ्या वेळी लिहून घेतलं.

आणि उशिरा येणं हे गावरान रक्ताचं नशीबच, असंही समजू नका. आंध्रातली ओंगोल जात, तिचीच वंशावळ ब्राझीलमध्ये गेली, तिथं तिला नेल्लोर म्हणतात, आणि आज तिथल्या मांसाच्या कळपांत सर्वात जास्त तीच आहे. तीही उशिरा येणारीच. पण तिथल्या लोकांनी चौदा महिन्यांतच राहणाऱ्या कालवडी शोधून, त्यांच्याच पोटची पैदास पुढं वाढवायला घेतली. म्हणजे आपल्या कोठ्यात लवकर फळलेल्या गायीची कालवड असेल, तर तीच ठेवायची, रंग कसा का असेना. आईनं पहिलं वेत कोणत्या वयात दिलं, हे बाजारात विचारायला शिका.

लसीचंही सांगून टाकतो. चार ते आठ महिन्यांच्या वासरीला संसर्गजन्य गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदाच देतात. त्या वयात राहून गेली तर गेली. गायीचा गर्भ पडला तर वार उघड्या हातानं उचलू नका, तो रोग माणसाला होतो, महिनोन्महिने ताप उतरत नाही. हे काम घरात बायांच्याच वाट्याला येतं म्हणून मुद्दाम सांगितलं. दवाखान्यात जाणं जमत नसेल तर १९६२ हा नंबर लावा, पैसे लागत नाहीत, पशुवैद्यकीय गाडीची सोय त्यावरून होते.

आमच्या गटानं आता ठराव बदललाय. कालवडीसाठी कर्ज हवं असेल तर खरेदीला तिघी जातात, एकीकडे टेप असतो. जुळ्यातली आहे का, आई कधी विली, लस झाली का, हे विचारायचं, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. व्यापारी कुरकुरतो. एक तर म्हणाला, पोरगी पाहायला आल्या का? आमच्यातली एक म्हणाली, पोरगी पाहताना कोणी एवढं धडाचं विचारत नाही. बैठकीत 'वांझ' हा शब्द वापरायचा नाही, तपासणीचा कागद येईपर्यंत तर नाहीच, असंही ठरलंय. त्या चौथ्या ताईचा उरलेला हप्ता गटानं सहा महिने थांबवला, व्याज सोडलं. तिची कालवड अजून तिच्या दारात आहे. तिनं तिच्या शेणावर गांडूळखताचा एक खड्डा सुरू केलाय, दोन पोती खत गेल्या महिन्यात विकलं. बाकी फार काही सांगता येण्यासारखं नाही.

आणि पोडावरच्या मावशींची कालवड? तीन महिन्यांत नाही, चार महिन्यांत ४८ इंचांवर आली, लांबी ४२. हिशोब करून पाहा, १४७ च्या जवळ भरते. गेल्या गुरुवारी पहाटे मावशींना तिच्या शेपटीला वाळलेला सोट दिसला. कॅलेंडरवर पहिला गोल झालाय. मुलगा आता स्वतःच चारा कापून आणतो. आम्ही अजून दोन गोल व्हायची वाट पाहतोय.